रुमालाखालची पाच बोटं

"आत्याबाई, आज तरी..." एवढंच म्हणून ज्ञानदाने आमटीची वाटी सासूच्या ताटाशी सरकवली, आणि राजमतीबाईंनी ती दोन बोटांनी, झोपलेल्या मांजराला बाजूला करावं इतक्या हळुवारपणे, परत सरकवली.

वाटी आपल्या जागेवर आली. ज्ञानदा मात्र आपल्या जागेवर राहिली नाही. ती उठली, पदराने कपाळ पुसलं, आणि सहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिचा आवाज माजघर ओलांडून ओसरीपर्यंत गेला.

"नका खाऊ! पण एकदा तोंडात घालून 'खारट झालंय' असं म्हणा तरी! पूर्वी रोज म्हणायचात... मीठ कमी, फोडणी करपली, वाईच्या लोकांना डाळ शिजवता येत नाही... दोन वर्षं झाली, आत्याबाई, तुम्ही माझ्या स्वयंपाकाला एक शब्द नावं ठेवली नाहीत! असं कुठल्या घरात असतं का हो?"

सासरे बाहुबली मगदूम आणि नवरा भरतेश या दोघांनी, ऐनवेळी कर्ते पुरुष जे करतात तेच केलं. म्हणजे आमटीत भाकरी कुस्करायला घेतली. दोघांच्या भाकऱ्या आधीच कुस्करून झालेल्या होत्या.

राजमतीबाईंनी ताट जवळ ओढलं. समोरच्या लहान डेचकीतली आपली वेगळी शिजवलेली पांढरीफटक डाळ त्यांनी भातावर ओतली आणि खाली मान घालून पहिला घास घेतला. तो घास गळ्यातून उतरताना त्यांच्या काळजाला केवढी घरं पडली, हे त्या घरात कुणालाच दिसलं नाही. दिसणार कसं? सगळ्यांच्या माना ताटात होत्या.

ज्ञानदाने या घरासाठी काय सोडलं नव्हतं? ती वाईच्या शरच्चंद्र मास्तरांची मुलगी. कृष्णेच्या घाटावर वाढलेली, शाळेत भूगोल शिकवणारी. सांगलीच्या या जैन घरात प्रेमविवाह करून आली आणि तिने कांदा सोडला, लसूण सोडला, आणि बटाटाही सोडला, ज्याच्याशिवाय आपण जगू शकणार नाही असं तिला कॉलेजात मनापासून वाटायचं. सूर्य मावळायच्या आत जेवायची सवय लावून घेतली. राजमतीबाईंनीही भाकरी आणि भात आपल्याकडे ठेवून भाजी-आमटीचं खातं सुनेला देऊन टाकलं होतं, आणि रोज त्या खात्याची कडक तपासणी व्हायची. दोघींचं छान चाललं होतं.

मग मूल होईना म्हणून विश्रामबागेतल्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. बाहेर काचेच्या बशीत गर्भ तयार करून पोटात सोडायचे, असा तो उपचार. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवसाचे गर्भ सोडले... रुजले नाहीत. आणि नेमक्या त्याच आठवड्यापासून राजमतीबाईंनी सुनेच्या हातची आमटी बंद केली!

ज्ञानदाने त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. वांझेच्या हातचं नको. दुसरा कुठला अर्थ असणार?

दुसरा अर्थ होता. पण तो इतका विचित्र होता, की भूगोलाच्या शिक्षिकेला तर सोडाच, कुणालाही सुचला नसता.

त्या पहिल्या अपयशाच्या सकाळी ज्ञानदा न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही, असं सगळ्या सुनांना वाटतं. राजमतीबाई बाहेर हात धुवायला थांबल्या होत्या. त्या तशाच, हात न धुता, देवळात गेल्या आणि भगवंतासमोर उभं राहून त्यांनी नियम घेतला... सुनेच्या मांडीवर लेकरू येईतो मी हळद खाणार नाही! मुनिमहाराजांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, व्रतात असा सौदा करू नये, बाई. म्हणून त्यांनी महाराजांना विचारलंच नाही.

आता सोडायला तूप होतं, गूळ होता, मीठ होतं. लोक अशा गोष्टी सोडतात आणि सगळ्या गल्लीला सांगतात. पण राजमतीबाईंना वाटलं, जे या घराचं सगळ्यात मोठं, तेच सोडावं. आणि हे घर उभं होतं हळदीवर. बाहुबली मगदूम हे हळदीचे अडते. शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून देणारे. त्यांच्या सदऱ्याचा रंग मूळचा कुठला होता हे कपाटालाही आठवत नव्हतं.

अडत्याच्या बायकोने हळद सोडली, हे बाजारात कळलं तर? घरची बाईच खाईना म्हणजे मालात काहीतरी आहे, असं लोक धरून चालले असते. म्हणून नवऱ्याला सांगायचं नाही. आणि सुनेला? तिला तर मुळीच नाही! एवढ्या कोवळ्या जिवावर औषधांचं ओझं, सुयांचं ओझं, शेजारणींच्या नजरांचं ओझं... त्यात सासूच्या ताटाचं ओझं कशाला? आपल्याला मूल झालं नाही म्हणून म्हातारी बिनहळदीचं खाते, हे कळलं असतं तर पोरीने स्वतःला किती दोष दिला असता! त्यापेक्षा ती आपल्याला दुष्ट समजू दे. दुष्ट सासूची या जगात सगळ्यांना सवय असते.

एका हिवाळ्यात त्यांना महिनाभर खोकला झाला. हळद-दुधाचा पेला घेऊन बाहुबली रोज त्यांच्यामागे फिरायचे. पोत्यांनी हळद विकणारा माणूस एक चिमूट बायकोच्या पोटात घालू शकला नाही. त्या खोकत राहिल्या, पण नियम मोडला नाही.

दुसऱ्या वेळचेही गर्भ रुजले नाहीत. आता ही तिसरी वेळ होती, आणि वाटी परत सरकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून निरोप आला. सगळे या, आज ठरवावं लागेल.

डॉक्टर दीपाली साताऱ्याच्या. घाईने कधी बोलायच्या नाहीत आणि बोलल्या की समोरच्याला काहीतरी कळायचं. डॉक्टरांत हे दोन्ही एकत्र असणं म्हणजे भाग्यच. त्यांनी पडद्यावर पाच चित्रं दाखवली. पाच गोल, प्रत्येकात सात-आठ बुडबुड्यांसारख्या पेशी.

"हे तिसऱ्या दिवसाचे. पाचही चांगले दिसतायत. आज यातले दोन सोडू शकतो, मागच्यासारखे. किंवा पाचव्या दिवसापर्यंत थांबायचं. तोवर जो टिकतो त्याच्या आत पोकळी तयार होते, बाळ होणारा भाग वेगळा दिसतो, बाळाला पोसणारी वार होणारा वेगळा. मग त्यातला सगळ्यात चांगला एकच सोडायचा. रुजण्याची शक्यता जास्त."

"मग थांबूया की," बाहुबली म्हणाले.

"पण पाचव्या दिवसापर्यंत एकही टिकला नाही, तर सोडायला काहीच उरणार नाही. आणि एक लक्षात घ्या, मामा, थांबल्याने गर्भ चांगला होत नाही. चांगला कुठला, ते दिसतं फक्त."

बाहुबलींनी त्या गर्भ ठेवलेल्या पेटीबद्दल विचारलं. आत अंधार, प्राणवायू मोजका, आणि दार सारखं उघडायचं नाही, असं डॉक्टर म्हणताच त्यांचे डोळे चमकले.

"म्हंजे पेवच की वो हे! हरिपूरला आमची पेवं. जमिनीत खड्डा, आत हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. आत हवाच न्हाई, मग किडा जगतोय कुठला? वर्षानुवर्षं माल तसाच! पण मधीच उघडून बघायचं न्हाई. मालकानंबी न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "हे धाकटं पेव समजा."

त्या क्षणापासून बाहुबलींनी डॉक्टरांना आपल्याच धंद्यातल्या मानलं.

राजमतीबाई मात्र त्या पाच गोलांकडे बघत होत्या. पाणी गाळून पिणारी, मुंगीची रांग दिसली तर केरसुणी उचलून घेणारी ती बाई! तिच्या डोळ्यांना ती चित्रं नव्हतीच... पाच जीव होते, पाच! त्यांनी हळूच विचारलं, "आन् जे टिकणार न्हाईत... त्ये आपण मारले व्हय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही, आई. ते स्वतःच थांबतात. आज पोटात सोडले असते तरी बहुतेक तिथेच थांबले असते. आपल्याला दिसलं नसतं, इतकंच. पण खोटं सांगत नाही... एखादा पोटात तगला असता आणि इथे नाही तगला, असंही क्वचित होत असेल. ते कुणालाच शंभर टक्के माहीत नाही."

बाहेरच्या बाकावर आल्यावर नवरा-बायकोची जुंपली. भरतेशला आजच सोडायचे होते.

"ज्ञानदा, परवा काहीच उरलं नाही तर? तुला ते झेपायचं नाही गं. निदान काहीतरी पोटात जाऊ दे!"

"मला काहीतरी नको आहे!" ज्ञानदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "दोनदा पंधरा-पंधरा दिवस मी नुसती आशा पोटात घेऊन चालले. जिना उतरताना कठडा धरला, शिंक आली तर दाबली... आणि आत तेव्हा कुणी नव्हतंच! जे जगणार नाही ते मला आधी कळू दे. मी रडेन. पण पुन्हा रिकाम्या पोटाशी बोलत बसणार नाही!"

तो म्हणे आज, ती म्हणे परवा. डॉक्टर आतून येऊन दोनदा बघून गेल्या. शेवटी बाहुबलींनी खिशातून आपला मोठा रुमाल काढला.

पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, व्यापारी खालून हात घालून त्याची बोटं दाबायचा. जितकी बोटं दाबली तो भाव. कुणाची बोली काय हे फक्त अडत्याला कळायचं, आणि ते गुपित तो मरेपर्यंत पोटात ठेवायचा. हल्ली सगळं ओरडून होतं. बाहुबलींचा हात कितीतरी वर्षं बेकार होता.

"तीन बोटं दाबली तर आज. पाच दाबली तर परवा," ते गंभीरपणे म्हणाले. "ज्ञानदा, भरतेश, आन् भरतेशची आई. अडत्या सोता बोली लावत न्हाई."

"मामा, हे..." ज्ञानदा रडता रडता थांबली. मग तिने नाक पुसलं. "चालेल. ठरू दे एकदाचं."

डॉक्टर दीपाली दारात उभ्या होत्या. "निर्णय तुमचा, पद्धत तुमची," त्या म्हणाल्या आणि, खरं सांगायचं तर, जागच्या हलल्या नाहीत.

ज्ञानदाने हात घातला. भरतेशने घातला. मग राजमतीबाई.

त्यांनी तीन बोटं तयारच ठेवली होती. आजच घ्या घरात, जितके घेता येतील तितके घ्या... उघड्यावर कुणाला सोडू नका, असं त्यांचं सारं पुण्य ओरडून सांगत होतं. एवढ्यात त्यांची नजर सुनेवर गेली. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. एका हाताने तिने पोट धरलं होतं. रिकामं पोट, उगाच, सवयीने... आणि राजमतीबाईंना तो नळाचा आवाज आठवला. दोनदा ऐकलेला. तिसऱ्यांदा तो ऐकायची ताकद त्यांच्यात नव्हती.

हे भगवंता, यात पाप असलं तर ते या बोटांना लागू दे! पोरीला नको... तिला फक्त खरं कळू दे!

रुमालाखाली त्यांनी नवऱ्याच्या हाताची पाचही बोटं घट्ट, इतकी घट्ट दाबली, की बाहुबलींची अंगठी रुतली. पण चाळीस वर्षं मुरलेला अडत्या तो. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"पाचाला गेला सौदा," त्यांनी जाहीर केलं. "परवा."

ज्ञानदाने भरलेल्या डोळ्यांनी भरतेशकडे पाहिलं. माझ्यासाठी बदललास ना तुझं मत! सासूने काय दाबलं असेल याबद्दल तिला शंकाच नव्हती. भरतेशने तीन दाबली होती. त्याने नम्रपणे मान खाली घातली. नवऱ्यांना असं आयतं श्रेय मिळालं की ते परत करायची पद्धत नाही.

ते दोन दिवस राजमतीबाईंनी देवळात काढले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पडदा लावला. तीन गर्भ थांबले होते. एक रेंगाळत येत होता. त्याला अजून एक दिवस देऊन गोठवून ठेवायचं ठरलं. आणि एक... तो एक असा टपोरा, असा तुकतुकीत, जणू दवाच्या थेंबात आणखी एक थेंब जाऊन बसलेला! कडेला पेशींचा चिमुकला पुंजका.

"हा," डॉक्टर म्हणाल्या. रोज असे कितीतरी बघणारी ती बाई, पण तिचाही आवाज जरा हलला.

तो एक सोडला. येताना राजमतीबाई एकट्याच देवळापाशी उतरल्या आणि पाटावर तीन चिमूट अक्षता ठेवून, थांबलेल्या तिघांसाठी हात जोडून कितीतरी वेळ बसल्या. घरी आल्या तेव्हा कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी ते घडलं. डॉक्टरांनी पडून राहायची गरज नाही म्हटल्यामुळे ज्ञानदा स्वयंपाकाला लागली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. ताटं वाढली आणि बाहुबली वाटीकडे बघत राहिले.

"हे काय गं? आमटी हाय का तांदळाचं धुवण?"

उडदाच्या डाळीची आमटी पांढरीफेक झाली होती. हळदीच्या अडत्याच्या घरात, जिथे दाराच्या कडीलाही हळदीचा वास, तिथे सून आमटीत हळद घालायला विसरली होती!

"अगंबाई! थांबा, मी परत फोडणी..."

"ऱ्हाऊ दे!" राजमतीबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी पळी उचलली. भातावर आमटी घेतली. खाल्ली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा पातेलंच जवळ ओढलं. दोन वर्षांची भूक होती ती... डोळे पाझरत होते आणि हात थांबत नव्हता.

ज्ञानदा बघत राहिली. दोन वर्षं तिने जीव ओतून केलेल्या आमट्या परत आल्या, आणि आज बिघडलेली आमटी ही बाई पातेल्याने खाते! दुसऱ्या दिवशी तिने दोन वाट्या ठेवल्या, एक पिवळी, एक पांढरी. पिवळी परत आली. पांढरी संपली. तिसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदलल्या. निकाल तोच. भूगोलाची असली तरी शिक्षिका होती ती. तिने पुरावा पुरेसा मानला.

"आत्याबाई," ती सासूसमोर जमिनीवरच बसली. "हळद का खात नाही तुम्ही?"

ताटातल्या दोन्ही माना वर आल्या.

"नेम हाय माझा," राजमतीबाई पुटपुटल्या. "तुझ्या मांडीवर लेकरू येईतो."

"कवापासनं?" बाहुबलींचा घास हातातच राहिला.

"पयल्या बारीपासनं."

"अगं, अडत्याची बायको तू! बाजारात कळलं तर..."

"म्हणूनच सांगितलं न्हाई न्हवं!" राजमतीबाई कडाडल्या, आणि लगेच सुनेकडे वळून त्यांचा आवाज विरघळला. "आन् तुला सांगितलं असतं तर पोटासंगं माझ्या ताटाचं वझंबी तूच वाह्यलं असतंस, पोरी..."

"आणि मी!" ज्ञानदाने कपाळ बडवून घेतलं. "मी समजले, वांझेच्या हातचं नको म्हणून..."

राजमतीबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप! त्यो शबुद या घरात काढायचा न्हाई. का रडालीस येडे? तुझी आमटी सोडली म्हंजे काय तुला सोडली व्हय?"

सुनेने त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. पण एक सल अजून होता. "मग त्या दिवशी दवाखान्यात... तुम्ही तीन का दाबली, आत्याबाई? मला वाटलं होतं एकदा तरी..."

बाहुबलींनी घसा साफ केला. त्यांच्या मनात तुफान चाललं होतं. अडत्याने रुमालाखालची बोली सांगणं म्हणजे धर्म बुडवणं! पण समोर बायको गप्प होती; दुष्ट ठरायची तिला इतकी सवय झाली होती की ती हेही गिळणार, हे त्यांना दिसत होतं.

"ज्ञानदा," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत पयल्यांदा गुपित फोडतो. पाचाचा दुसरा हात तुझ्या आत्याबाईचा हुता. हे बघ, अंगठीचा वळ अजून हाय."

भरतेश हळूच उठून, म्हशीला पाणी दाखवायचं आहे असं म्हणून बाहेर गेला. त्यांच्याकडे म्हैस नव्हती.

पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी आली. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. राजमतीबाईंनी फोन कानाला उलटा धरला होता, पण बातमी कळली.

त्यानंतर सारे महिने त्या घरात हळद शिजली नाही. ज्ञानदानेच फर्मान काढलं, आत्याबाई खात नाहीत तर कुणीच नाही! पांढरी आमटी, पांढरी भेंडी, एकदा तर पांढरे पोहे. बाहुबलींनी ते सगळं हूं की चूं न करता खाल्लं आणि रोज बाजारात जाऊन, पिवळ्याधमक सदऱ्यात उभं राहून, हळदीशिवाय जेवणाला चव नाही, असं गिऱ्हाइकांना तळमळीने सांगितलं. लोकांना त्यांच्या बोलण्यात इतकी कळकळ यापूर्वी कधी जाणवली नव्हती.

बाळंतपण माहेरी. मास्तर निवृत्तीनंतर वाईहून साताऱ्याला राहायला आले होते, तिथेच मुलगी झाली. तार लावल्यासारखा खणखणीत आवाज. बाहुबली म्हणाले, लिलावाला उपयोग होईल.

नियम त्याच दिवशी फिटला होता. विहीणबाई चारुशीलाबाईंनी पिवळंधमक वरण वाढलं, पण राजमतीबाईंनी हात जोडले. "एवढं थांबले, आता पयली हळद ज्ञानदाच्याच हातची." सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला स्वयंपाकघरात कोण जाऊ देणार? म्हणजे आणखी सव्वा महिना. राजमतीबाई सांगलीला परतल्या आणि पांढरं खात राहिल्या.

सव्वा महिन्याने मायलेकींना न्यायला त्या साताऱ्यात आल्या. ओट्याशी ज्ञानदा उभी होती. डबा उघडून तिने चिमूट भरली... किती घालावी हळद? एवढ्या दिवसांत अंदाजच राहिला नव्हता! ताट मांडलं. नात आजीच्या मांडीवर होती. ज्ञानदाने वाटी ताटाशी सरकवली आणि तिथेच उभी राहिली.

वाटी परत आली नाही.

राजमतीबाईंनी आमटी-भात कालवला. पिवळा घास उचलला, कपाळाला लावला, तोंडात घातला. डोळे मिटले. मिटल्या पापण्यांखालून दोन थेंब ओघळले आणि नातीच्या दुपट्यावर पडले. सारं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

त्यांनी सावकाश घास गिळला. मग डोळे उघडून सुनेकडे पाहिलं.

"हळद लय पडलीया," त्या म्हणाल्या. "आन् मीठ कुठं हाय?"

ज्ञानदा हमसून हमसून रडू लागली... आनंदाने, अगदी आनंदाने! आणि मिठाची बरणी आणायला धावली.